विहिरीतला तीन डोळ्यांचा रखवालदार



२० ऑगस्ट १८९७ रोजी सिकंदराबादेत डॉ. रोनाल्ड रॉस यांना डासाच्या पोटात हिवतापाचे जंतू सापडले. तेव्हापासून डास आवरणे हा हिवताप रोखण्याचा मोठा मार्ग ठरला. डासाची अळी साचलेल्या पाण्यात वाढते, म्हणून ती खाणारे मासे विहिरीत सोडतात. आपण या सगळ्यांना सरसकट ‘गप्पी मासे’ म्हणतो. इथेच चूक होते.

शास्त्रज्ञ जवळच्या जातींची मिळून एक प्रजाती, प्रजातींचे कुल आणि कुलांचा गण मानतात. हैदराबादच्या तळ्यांत सोडला गेलेला गंबुसिया आणि खरा गप्पी हे एका कुलातले, दोघेही परदेशी. गंबुसिया मूळचा अमेरिकेचा. तो १९२८ साली भारतात आला. आपला देशी मासा अ‍ॅप्लोकिलस. त्याचा गण तोच, पण कुल वेगळे. १८२२ साली हॅमिल्टन यांनी याच्या एका जातीला विलायती पाइक माशांच्या प्रजातीत बसवले होते. १८३९ साली मॅक्लेलंड यांनी अ‍ॅप्लोकिलस ही स्वतंत्र प्रजाती केली.

ओळख सोपी आहे. बोटाएवढा मासा, तोंड वर वळलेले, डोक्यावर चांदीसारखा ठिपका. म्हणूनच बंगालीत त्याला ‘तेचोखा’, म्हणजे तीन डोळ्यांचा, म्हणतात. तो पाण्याच्या वरच्या थरात राहतो आणि हिवतापाच्या डासाची अळीही तिथेच तरंगते. गंबुसिया जिवंत पिले घालतो. अ‍ॅप्लोकिलस मात्र पाणवनस्पतींना अंडी चिकटवतो, म्हणून विहीर साफ करताना थोडी वनस्पती राहू द्यावी.

हा भेद का जाणावा? गंबुसिया अळ्यांबरोबर इतर माशांची अंडी, पिले आणि बेडकांची पिल्लेही खातो. त्याला तळ्यात, ओढ्यात किंवा मत्स्यबीजाच्या तलावात कधीही सोडू नये. देशी मासा मिळाला तर तोच विहिरीत पाळावा. मात्र त्या विहिरीत मरळ नसावा आणि फवारणीचा पंप तिच्या काठावर धुऊ नये.

मासे आहेत म्हणून मच्छरदाणी सोडू नका. थंडी वाजून ताप आला तर त्याच दिवशी आरोग्य केंद्रात रक्त तपासून घ्या.

पाचव्या दिवशी परमेश्वराने जलचर निर्माण केले, तेही वेगवेगळ्या जातींचे. त्या जाती ओळखून वागणे हीही आपली जबाबदारी आहे.