हवामानाचा कायदा नक्की कोणास बांधतो?

हवामानबदलाचा कायदा म्हटला, की धुराड्यांना टाळे ठोकणारा आणि मोटारधारकांकडून दंड वसूल करणारा एखादा जबर हुकूमच पुष्कळांच्या डोळ्यांपुढे उभा राहतो. परंतु या जातीच्या कायद्यांचा आद्य नमुना म्हणून ज्याचा निर्देश होतो, तो ब्रिटनचा २००८ चा कायदा कलमवार वाचला, तर त्याचा मुख्य भार नागरिकावर नसून मंत्र्यावर आहे, असे आढळते. १९९० च्या मानाने २०५० पर्यंत उत्सर्जन ८० टक्क्यांनी घटविण्याचे, आणि २०१९ च्या दुरुस्तीनंतर ते निव्वळ शून्यावर आणण्याचे, दायित्व मंत्र्याचे. पाच-पाच वर्षांचे ‘कार्बन-अंदाजपत्रक’ सुमारे बारा वर्षे आधी मंजूर करून घेणे, त्याच्या पूर्ततेची तजवीज संसदेपुढे मांडणे आणि स्वतंत्र समितीच्या वार्षिक अहवालास उत्तर देणे, हेही त्याच्याच माथी. तेथील कोळशाचे अखेरचे वीजकेंद्र ३० सप्टेंबर २०२४ रोजी बंद झाले, ते या कायद्याच्या कोणत्याही कलमान्वये नव्हे. कार्बनवरील किमान किंमत, प्रदूषणाचे निर्बंध अशा निराळ्या उपायांचा तो परिणाम होता.

मग अशा कायद्याला दात कोठे आहेत, असा प्रश्न येतो, आणि अंदाजपत्रक चुकले तर कोणी तुरुंगात जात नाही, हे खरेच आहे. तथापि जुलै २०२२ मध्ये लंडनच्या उच्च न्यायालयात काय घडले, ते पाहण्याजोगे आहे. ज्या उपायांचे फळ आकड्यांत मांडले होते, त्यांची बेरीज २०३३ ते २०३७ या मुदतीस आवश्यक असलेल्या घटीच्या ९५ टक्केच भरत होती. संसदेस सादर केलेल्या दस्तऐवजात याचा उल्लेख नव्हता, आणि कोणता उपाय किती घट साधणार, हे खुद्द मंत्र्यासही सांगितलेले नव्हते. न्यायमूर्ती होलगेट यांनी सरकारचे धोरण बेकायदा ठरविले, ते तुटीमुळे नव्हे, तर ती झाकून राहिल्यामुळे! त्याऐवजी केलेली योजनाही मे २०२४ मध्ये नापास झाली, कारण सर्व उपाय यथास्थित पार पडतील या गृहीतकातील जोखीम मंत्र्यापुढे नीट मांडली गेली नव्हती. सरकारी दफ्तरातील बेरजा चव्हाट्यावर आणण्याचे हे सामर्थ्य, माझ्या मते, दंडापेक्षा अधिक बोचणारे आहे.

असा कायदा अढळ असतो, हाही भ्रमच. जर्मनीने २०२१ मध्ये संविधान न्यायालयाच्या निर्णयानंतर आपली उद्दिष्टे कडक केली, आणि २०२४ मध्ये क्षेत्रवार बंधने सैल केली. ब्रिटनमध्ये तर २००८ साली ज्या हुजूर पक्षाने या कायद्यास पाठिंबा दिला, त्याच्याच नेत्या केमी बेडेनॉक यांनी ऑक्टोबर २०२५ मध्ये तो रद्द करण्याचे जाहीर केले.

भारतात हवामानबदलासंबंधी एकच समग्र कायदा नाही, याची नोंद सर्वोच्च न्यायालयाने २०२४ मध्ये केली. सबब २०७० च्या निव्वळ शून्य उद्दिष्टाकडे देश किती सरकला, याचा असा हिशेब दरसाल संसदेपुढे मांडण्याचे वैधानिक बंधन आज येथील कोणत्याही मंत्र्यावर नाही.