झाडाचं दूध आणि युद्धातला फुटबॉल

फुटबॉलच्या आत काय असतं, असं विचारलंत ना पोरांनो? हवा. पण चामड्याला शिवण असते आणि शिवणीतून हवा निसटते. ती धरून ठेवतो आतला ब्लॅडर, रबराचा. धान कापल्यावर आपल्या दिघोरीच्या बांध्यांत तुम्ही खेळता आणि बोरीचा काटा घुसतो, तो याच ब्लॅडरमध्ये. आणि मूळचं रबर म्हणजे झाडाच्या जखमेतून आलेलं दूध! या दुधासाठी सगळं जग कसं कासावीस झालं होतं, ते आज ऐका.

दुसऱ्या महायुद्धात, 7 डिसेंबर 1941 ला, जपानने अमेरिकेच्या पर्ल हार्बर या नौदल तळावर बॉम्ब टाकले. अमेरिकेतल्या कॉलेजांचा फुटबॉल हंगाम तेव्हा संपत आला होता. त्यांचा फुटबॉल वेगळा, लांबट चेंडू छातीशी धरून पळायचा. हंगामाचा मोठा सामना रोझ बोल, तो कॅलिफोर्नियातल्या पॅसाडिनाला व्हायचा. पण शत्रू समुद्राकडून आला तर? किनाऱ्याजवळ एवढी गर्दी लष्कराला नको होती. मग ड्यूक विद्यापीठ म्हणालं, आमच्याकडे या. ओरेगन स्टेट कॉलेजची पोरं आगगाडीने अख्खा देश ओलांडून ड्यूकच्या डरहॅमला गेली आणि 1 जानेवारी 1942 ला भर पावसात ड्यूकशी खेळली. सगळे म्हणत होते ड्यूकच जिंकणार. जिंकलं ओरेगन स्टेट, 20-16 ने.

त्यानंतर दोन्हीकडची कितीतरी पोरं सैन्यात गेली. ड्यूकचा चार्ल्स हेन्स इटलीच्या लढाईत गोळी लागून पडला. त्याला उचलून आणणाऱ्यांत होता ओरेगन स्टेटचा फ्रँक पार्कर, त्या सामन्यात त्याच्याविरुद्ध खेळलेला. हे सांगताना माझा गळा दाटून येतो, बाबांनो. आपल्याकडेही युद्धाने खेळ थांबवले. ड्युरंड कप ही फुटबॉलची स्पर्धा 1941 पासून बंद पडली आणि युद्ध संपल्यावरही 1949 पर्यंत झालीच नाही.

आता चेंडूकडे या. त्या सामन्याला दीड महिना होतो न होतो तोच, 15 फेब्रुवारीला सिंगापूर जपानच्या हाती पडलं. मलाया, म्हणजे आजच्या मलेशियाचा भाग, गेला, पाठोपाठ डच ईस्ट इंडीज, म्हणजे आजचं इंडोनेशिया, गेलं. जगातलं जवळजवळ 90 टक्के नैसर्गिक रबर त्याच टापूतून यायचं. उरलं सिलोन म्हणजे आजचं श्रीलंका, आपलं केरळातलं त्रावणकोर आणि थोडीबहुत ठिकाणं. ट्रकची चाकं, विमानांची चाकं, सगळ्यांना रबर हवं; तिथे खेळाच्या चेंडूला कोण विचारतो? अमेरिकेत लोकांनी जुने टायर, रेनकोट, पाण्याचे पाइप गोळा करून सरकारला दिले.

गंमत म्हणजे हे झाड मूळचं मलायाचं नाहीच. ते ब्राझीलचं. 1876 मध्ये हेन्री विकहॅमने त्याच्या सुमारे 70 हजार बिया लंडनच्या क्यू बागेत नेल्या, आणि तिथली रोपं आशियात आली.

झाड दूध का देतं? वडाचं कोवळं पान तोडून बघा. देठाशी पांढरा थेंब येईल. दोन बोटांत चोळा: आधी पातळ, मग चिकट, मग बोटं फाकवली की बारीक तार निघते. रुईचा चीक मात्र डोळ्यांजवळ नेऊ नका, फार जळजळतो. अळी पान कुरतडते तेव्हा चीक तिचा जबडा चिकटवून टाकतो आणि जखमेवर खपली धरतो. रबराच्या झाडाचाही हाच बंदोबस्त. त्याच्या सालीतल्या बारीक नळ्या माणूस तिरप्या चिरेने उघडतो, तेही पहाटेच. रात्रभर झाडात पाणी भरलेलं असतं, नळ्यांत दाब असतो. ऊन चढलं की पानं पाणी सोडतात, दाब उतरतो आणि धार मंदावते. सुरी जरा जास्त खोल गेली तर सालीखालचा वाढीचा थर दुखावतो, म्हणून चीर देणाऱ्याचा हात फार हलका लागतो.

नुसता चीक वाळवला तर उन्हाळ्यात चिकटतो, थंडीत कडक होतो. त्यातले रेणू लांबच लांब, ताटातल्या शेवयांसारखे एकमेकांवरून घसरणारे. 1839 मध्ये चार्ल्स गुडइअरला कळलं की गंधक घालून तापवलं तर या धाग्यांमध्ये जागोजागी टाके पडतात. मग ताणलं तरी ते परत जागेवर येतात. ब्लॅडर फुगतो, उसळतो, तो या टाक्यांमुळे.

युद्धात रबर मिळेना, तेव्हा अमेरिकेने कारखान्यांत कृत्रिम रबर ढिगाने बनवलं आणि पुढे आपल्या सायकलीपर्यंत ते पोचलं. तरी मोठ्या विमानाच्या चाकांना अजून झाडाचंच रबर लागतं. चाक धावपट्टीला टेकतं त्या क्षणी प्रचंड झटका बसतो, उष्णता वाढते, आणि तेव्हा न फाटता टिकण्यात झाडाच्या रबराची बरोबरी अजून कुणी केलेली नाही.