तणनाशकाचा तुषार बांध जाणत नाही

उसातील रुंद पानांचे तण मारण्यासाठी योजिले जाणारे २,४-डी हे द्रव्य शेजारच्या कपाशीस वा द्राक्षबागेस अत्यल्प मात्रेतही बाधते, आणि मग कपाशीची नवी पाने आकसून भेंडीच्या पानांसारखी चिरलेली निघतात. त्याच्या ईस्टर रूपाची वाफ फवारणी उरकल्यावरही हद्द ओलांडते. तेव्हा अशा शिवारात अमाईन वा सोडियम क्षारच पत्करावा. कीटकनाशकाचा बारीक तुषाराचा नोझल बाजूस सारून जाड थेंबांचा पसरट नोझल, कमी दाबाने व जमिनीलगत धरून, मंद वारा शेजारच्या पिकाकडून आपल्याकडे वाहत असता चालवावा. पहाटेची निश्चल हवा पुष्कळांस निर्धोक वाटते, हा निव्वळ भ्रम. त्या हवेचा जमिनीलगतचा थंड थर सूक्ष्म तुषारांस अधांतरी तोलून दूर नेतो.

पाण्याचा प्रश्न अधिक गंभीर. ॲट्राझीन हे तणनाशक जमिनीतून झिरपत भूजलास मिळते, व याच कारणास्तव युरोपीय संघाने २००४ साली त्यास मान्यता नाकारली. विहीर, ओढा यांलगतचा पट्टा सोडावा, पावसाची चिन्हे असता फवारणी तहकूब ठेवावी. तणनाशकाचा पंप निराळाच असावा, आणि तो तीनदा विसळल्याचे पाणी ओढ्यात न ओतता त्याच शेतात फवारावे.