नखानेही चालणारा पडदा

नोकियाने ऑक्टोबर 2008 मध्ये 5800 एक्स्प्रेसम्युझिक जाहीर केला, तेव्हा टचस्क्रीन ही महागड्या फोनची मिरास होती. हा त्या मानाने खिशाला परवडणारा. 3.2 इंची पडदा रेझिस्टिव्ह जातीचा: वर लवचीक थर, खाली काच, दोन्हींवर वीजवाहक लेप, मध्ये बारीकशी फट. दाबलं की थर एकमेकांना टेकतात आणि व्होल्टेजवरून फोनला जागा कळते. म्हणून नख, पेनाचं टोपण, हातमोजा, काहीही चालतं. सोबत गिटारच्या पिकसारखी तिकोनी चकतीही मिळायची! मात्र दोन बोटांनी फोटो मोठा करणं विसरा. गाण्यांची बाजू भक्कम: दोन स्पीकर, 8 जीबी कार्ड आणि 3.5 मिमी जॅक, म्हणजे घरातला कुठलाही हेडफोन लावा. स्पर्शात काठावर पास, आवाजात डिस्टिंक्शन.