रानवाटेवरचे इशारे

भाद्रपदात पावसाची झड ओसरली की कोकणातल्या पायवाटा चालायला बऱ्या होतात. बांधावर तेरडा फुललेला असतो आणि कुंपणावर लाल-पिवळ्या ज्वाळांसारखी कळलावी. गौरीच्या पूजेत या फुलांना मान आहे. 'गौरीचे हात' असे त्यांचे एक नावही आहे. एरवी मात्र ती घरात आणली तर भांडणे लागतात, असा समज. भांडणे लावणाऱ्या माणसालाही मराठीत कळलाव्याच म्हणतात.

भांडणाचे खरेखोटे बाजूला ठेवू; पण हे फूल घरापासून, विशेषतः मुलांपासून, लांब राहिले तर चांगलेच. कळलावीच्या सर्व भागांत, विशेषतः कंदात आणि बियांत, कोल्चिसिन असते. गाऊट या सांधेदुखीवर डॉक्टर ज्याची अगदी छोटी गोळी देतात तेच हे द्रव्य. ते शरीरातील पेशींचे विभाजन थांबवते. कंद पोटात गेला तर काही तासांत उलट्या-जुलाब सुरू होतात आणि पटकीची आठवण व्हावी इतके ते जोरदार असू शकतात. ते थांबले म्हणजे संकट टळले असे नाही. पुढच्या काही दिवसांत रक्तातील पेशी कमी होतात, मूत्रपिंड आणि हृदय अडचणीत येऊ शकते. वाचलेल्या रुग्णाचे केस आठवड्या-दोन आठवड्यांनी गळतात. रानातला खाण्याजोगा कंद समजून कळलावी खाल्ल्याने माणसे दगावली आहेत.

तिच्या नावामागे आणखी एक समजूत सांगतात. बाळंतपणात कळा याव्यात म्हणून हा कंद उगाळून लावत. अडलेल्या बाईला दवाखान्यात नेण्याची सोय नव्हती, त्या काळातला हा उपाय. आज तो करू नये.

वाट रानाकडे वळली की बिब्याचे झाड भेटते. परीट पूर्वी बिब्याने कपड्यांवर खुणा करत. दृष्ट लागू नये म्हणून काळ्या बाहुलीसोबत तो दारावर टांगला जातो. बिब्याखाली रेंगाळू नये, हे जाणत्यांचे सांगणे शास्त्राला धरून आहे. त्याचा चीक आणि तेल लागले की कातडीला खाज, सूज, फोड येतात. यालाच 'बिबा उतणे' म्हणतात. आंबा आणि काजू ही बिब्याचीच भावंडे. म्हणून आंब्याच्या चिकाने किंवा काजूच्या टरफलाच्या तेलानेही काहींचे तोंड-हात सुजतात. भेगांवर, गाठींवर बिबा लावून चट्टे घेऊन येणारे रुग्ण आजही आहेत.

गावाच्या वेशीवर पिंपळाचा पार लागतो. पिंपळ रात्रीही ऑक्सिजन देतो, असे आता सुशिक्षित माणसेच सांगतात. झाड ऑक्सिजन तयार करते ते प्रकाशात. रात्री पिंपळही इतर झाडांसारखा ऑक्सिजन घेतच असतो. चिंचेखाली झोपल्याने माणूस गुदमरतो, हेही खरे नाही. मोकळ्या हवेत झाडाने सोडलेला कार्बन डायऑक्साइड साचून राहत नाही. मुंजा आणि हडळ यांच्या जागी ऑक्सिजन आणि कार्बन डायऑक्साइड आले, एवढाच फरक.

मग या गोष्टींचे करायचे काय? त्या ऐकाव्यात, मुलांना सांगाव्यात. त्यातल्या 'हात लावू नकोस'मध्ये अनेकदा पिढ्यांचा अनुभव असतो. 'उगाळून घे' हे सांगणे मात्र तपासल्याशिवाय मानू नये. चुकून पाळल्याने पहिल्यात फारसे नुकसान नाही, दुसऱ्यात जीव जाऊ शकतो.

विषारी वनस्पती पोटात गेल्याची शंका आली तर मिठाचे पाणी पाजून उलटी काढू नये. लक्षणांची वाट न पाहता १०८ला फोन करावा किंवा रुग्णालय गाठावे आणि त्या झाडाचा तुकडा पिशवीत घालून सोबत न्यावा. बिब्याचा चीक लागला तर ती जागा लगेच साबण-पाण्याने धुवावी, फोड फोडू नयेत आणि सूज चेहऱ्यावर किंवा डोळ्यांभोवती असेल तर त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे.