गिऱ्हाइकाचे गाऱ्हाणे : एका मृत्पट्टिकेच्या निमित्ताने

ऑनलाइन विक्री करणाऱ्या पेढ्यांकडे गिऱ्हाइकांच्या ज्या तक्रारी येतात, त्यांकडे लेखनप्रकार म्हणून पाहण्याची पद्धत आपल्याकडे अद्याप रूढ झालेली नाही. मागवले एक व आले दुसरेच, चित्रातील सतरंजी हाती पडली तेव्हा हातरुमालाएवढी निघाली, अशी ही गाऱ्हाणी असतात. लिहिणारा संतापलेला असतो. वाचणाऱ्यास मात्र हसू आवरत नाही. हा प्रकार आजचा आहे असे सामान्यतः समजले जाते. वस्तुतः त्याचा एक उत्तम नमुना सुमारे पावणेचार हजार वर्षांपूर्वीचा आहे.

दक्षिण इराकमधील ऊर येथे सर लिओनार्ड वुली ह्यांनी १९२२ ते १९३४ ह्या काळात उत्खनन केले. तेथे सापडलेली इ. स. पू. १७५० च्या सुमाराची एक मृत्पट्टिका आज ब्रिटिश म्युझियममध्ये आहे. नन्नी नावाच्या गिऱ्हाइकाने एआ-नासिर ह्या तांब्याच्या व्यापाऱ्यास लिहिलेले हे अक्कदी भाषेतील पत्र होय. ए. लिओ ओपेनहाइम ह्यांनी केलेले त्याचे इंग्रजी भाषांतर १९६७ साली प्रसिद्ध झाले. पत्राचा आशय असा : एआ-नासिरने चांगल्या प्रतीच्या लगडी देण्याचे कबूल केले होते. प्रत्यक्षात त्याने नन्नीच्या माणसापुढे हलका माल टाकला, आणि घ्यायचा असेल तर घ्यावा, नसेल तर निघून जावे, असे त्यास सुनावले. पैसे आणावयास पाठविलेली माणसे शत्रूच्या मुलुखातून गेली व रिकाम्या हातांनी परतली; आणि असे एकदा नव्हे, अनेकदा घडले. नन्नीकडून येणे ते काय, तर एक मिना, म्हणजे सुमारे अर्धा किलो चांदी. उलट एआ-नासिरच्या वतीने राजवाड्यास नन्नीने व त्याच्या एका सहकाऱ्याने प्रत्येकी १०८० पौंड तांबे भरलेले होते. ह्याशिवाय शमश देवाच्या मंदिरात ठेवलेल्या मोहोरबंद लेखाचाही तो दाखला देतो. ह्यापुढे आपण एकेक लगड आपल्याच अंगणात निवडून घेऊ व हलका माल परत करू, असे बजावून तो पत्र संपवतो.

ह्या पत्रातील खरा सल तांब्याचा नाही. नन्नी मालाच्या दर्जाविषयी थोडके बोलतो; आपल्या माणसाचा झालेला अवमान मात्र तो पुन्हा पुन्हा उगाळतो. दिलमूनशी व्यापार करणाऱ्या इतर कोणीही आपणास असे वागवले नाही, हे त्याचे मुख्य गाऱ्हाणे. गिऱ्हाईक नुकसान सोसते, तुच्छता सोसत नाही, हे येथे स्पष्ट दिसते. त्या काळची पत्रे लेखनिकाने मोठ्याने वाचून दाखवावयाची असत, आणि पत्राचा मायनाही अमुकास असे सांग, अशा धर्तीचा असे. म्हणजे एआ-नासिरला हा सारा उद्धार तिसऱ्याच्या तोंडून ऐकावा लागला असणार. त्या बिचाऱ्या वाचकाची मनःस्थिती काय झाली असेल, ह्याचा विचार केल्यावाचून राहवत नाही.

एआ-नासिरविषयी मत बनवताना मात्र सावधगिरी हवी. तांब्यासंबंधी त्याच्याविरुद्ध कुरकुर करणारी इतरही पत्रे उपलब्ध आहेत हे खरे; पण समाधान पावलेले गिऱ्हाईक सहसा पत्र लिहीत नाही. शिवाय तांबे मगानचे, म्हणजे आजच्या ओमानकडचे. ते दिलमूनमार्गे, म्हणजे बहरीनवरून, समुद्राने ऊरला येई. वाटेत किती हातांतून माल गेला ह्याचा हिशेब विक्रेत्यालाही देता आला असता असे नाही. (ह्याच सागरी व्यापाराचा धागा आपल्याकडेही पोहोचतो : गुजरातेतील लोथल येथे इराणी आखाताच्या धर्तीची एक वर्तुळाकार मुद्रा सापडली आहे.)

दुसरा नमुना आपल्या देशातला. १९०९ साली ओखिलचंद्र सेन ह्या प्रवाशाने साहिबगंजच्या रेल्वे कचेरीस लिहिलेले म्हणून प्रसिद्ध असलेले इंग्रजी पत्र दिल्लीच्या रेल्वे संग्रहालयात मांडलेले आहे. फणस अधिक खाल्ल्याने अहमदपूर स्थानकावर शौचास उतरावे लागले, तोच गार्डने शिटी दिली. एका हातात लोटा व दुसऱ्यात धोतर सावरीत धावताना फलाटावर सर्वांदेखत फजिती झाली. गार्डास दंड करावा, नाहीतर वर्तमानपत्रात छापून आणू, अशी त्यात धमकी आहे. आगगाडीत शौचालये ह्या पत्रामुळे आली असे सांगतात. ते श्रेय एका पत्रास द्यावे की नाही हा प्रश्न वेगळा. आपल्या दृष्टीने महत्त्वाचे आहे ते शेवटचे वाक्य. नन्नीजवळ फार तर व्यवहार आवळण्याची धमकी होती. ओखिलबाबूंजवळ वर्तमानपत्र होते.

आजच्या गिऱ्हाइकास धमकी देण्याचेही कारण उरले नाही, कारण त्याची तक्रार प्रथमपासूनच चारचौघांत असते. म्हणून तिचा सूरही पालटला. केवळ स्त्रियांसाठी म्हणून विकावयास काढलेल्या बिक कंपनीच्या लेखण्यांवर २०१२ साली ॲमेझॉनच्या पानावर उपरोधिक अभिप्रायांचा पाऊस पडला. आपल्या नाजूक हातांना आता कोठे लिहिता येऊ लागले, अशा आभाराच्या थाटात लोकांनी राग व्यक्त केला. प्रेक्षक असले की संताप विनोदाचे रूप घेतो, असे म्हणावयास येथे आधार मिळतो.

भारतात २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने गिऱ्हाइकास आपण राहतो तेथील आयोगाकडे फिर्याद नेण्याची मुभा दिली. शत्रूच्या मुलुखातून माणसे पाठविण्याचा नन्नीचा प्रश्न एवढ्यापुरता सुटला म्हणावयाचा. २०२० च्या ई-वाणिज्य नियमांप्रमाणे तक्रार-निवारण अधिकाऱ्याने ४८ तासांत तक्रारीची पोच द्यावयाची व महिन्याच्या आत तिचे निवारण करावयाचे असते. एक गोष्ट मात्र तशीच राहिली आहे. विक्रेता दृष्टीआड असतो. दारात उभा असतो तो डबा पोहोचविणारा मुलगा, आणि पहिला शब्द त्यालाच ऐकावा लागतो. नन्नीच्या माणसास विक्रेत्याने हिडीसफिडीस केले, ह्यास गिऱ्हाईक करते, एवढाच फरक.

नन्नीची पट्टिका ११.६ सेंटिमीटर उंच व ५ सेंटिमीटर रुंद आहे. हाताच्या तळव्यावर मावेल एवढ्या त्या मातीच्या वडीवर त्याने दोन्ही बाजू लिहून भरवल्या आहेत.