निकालापूर्वीची शिक्षा

अंमली पदार्थांचा व्यापार करणाऱ्यांविषयी आम्हांस यत्किंचितही ममत्व नाही. तथापि आरोपी आणि गुन्हेगार यांतील अंतर कालहरणाने पुसले जावे, हेही आम्हांस मान्य नाही. १९८५ च्या अधिनियमाचे ३७ वे कलम १९८९ मध्ये कडक करण्यात आले. माल व्यापारी प्रमाणाचा असेल, म्हणजे गांजा २० किलोहून किंवा हेरॉइन २५० ग्रॅमहून अधिक, तर आरोपी निर्दोष असावा असे मानण्यास वाजवी कारण आहे, अशी न्यायाधीशांची खात्री पटल्यावाचून जामीन नाही. साक्षीपुरावाच झालेला नाही, तेथे ही खात्री पटावी कशी? सरकारने याचे उत्तर त्याच दुरुस्तीत देऊन ठेवले होते: खटले शीघ्र चालावेत म्हणून विशेष न्यायालये! जामिनाची कठोरता सरकारने कसोशीने पाळली. शीघ्रतेचे वचन मात्र विसरले.

अशा रखडलेल्या खटल्यांतील कैद्यांसाठी १९९४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, किमान शिक्षा दहा वर्षे असेल तेथे पाच वर्षांच्या कोठडीनंतर, जामिनाचा मार्ग मोकळा केला. पण तो आदेश एकवारच्याच उपायाचा होता. पुढे २०२३ मध्ये, सात वर्षांहून अधिक काळ तुरुंगात काढलेल्या एका आरोपीस जामीन देताना, अवाजवी विलंब झाला असता ३७ वे कलम आड येत नाही, असा निर्वाळा न्यायमूर्ती रवींद्र भट यांच्या पीठाने दिला. एवढ्यासाठी प्रत्येक गरीब कैद्याने दिल्लीपर्यंत जावे काय? पंच येत नाहीत, तपासी अंमलदाराची बदली झालेली असते, आणि तारीख पुढे जाते. सरकारने साक्षीदार वेळेवर हजर करावेत. ते जमत नसेल, तर पारपत्र जमा करून घेऊन व ठाण्यावरील हजेरीची अट घालून आरोपीस सोडण्यास सरकारी वकिलांनी विरोध करू नये.